फायबरची वायर थेट स्वतःच्या फायरवॉल राउटरला जोडता येते का? कंपनीचा डबा, ब्रिज मोड आणि पब्लिक आयपी : सविस्तर माहिती

वडूज : खांबावरून घरात आलेली फायबरची बारीक वायर कंपनीने दिलेल्या डब्यात न घालता, स्वतः पैसे देऊन आणलेल्या फायरवॉल राउटरमध्ये सरळ खुपसली तर नेट चालेल का? सेवा केंद्र, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, मेडिकल चालवणाऱ्यांना आणि घरी कॅमेरे बसवलेल्यांना हा प्रश्न पडतोच. उत्तर आधीच सांगून टाकू. काचेची वायर थेट राउटरात घालून नेट चालत नाही. मात्र कंपनीचा डबा 'ब्रिज मोड'वर टाकून घेतला, तर कनेक्शनचा सगळा कारभार आपल्या राउटरच्या हातात येतो. लोक ज्याला 'डायरेक्ट जोडणी' म्हणतात ती हीच. ती कशी करून घ्यायची, करताना काय बिघडू शकते आणि कुणी या भानगडीत पडू नये, याची ही माहिती.

खटाव-माण भागात या विषयाला एक खास कारण आहे. इथली आणि शेजारच्या खानापूर, आटपाडी तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगलेली आहेत. गावाकडे बांधलेले घर वर्षातले बरेच महिने कुलूपबंद, नाहीतर घरात फक्त म्हातारे आई-वडील. परमुलखात बसून मोबाईलवर घरचा दरवाजा दिसावा म्हणून कॅमेरे लागतात. तेच कॅमेरे नीट बसवले नाहीत तर आपल्याला दिसणारा दरवाजा तिसऱ्यालाही दिसू शकतो.

आधी घरात काय आलंय ते बघा

खांबावरून येणारी काळी किंवा पांढरी चपटी वायर म्हणजे ड्रॉप केबल. तिच्या आत केसासारखी काच असते आणि टोकाला हिरवा नाहीतर निळा चौकोनी कनेक्टर. हिरव्याचे तोंड आठ अंश तिरके घासलेले असते, निळ्याचे जवळपास सरळ. हिरवा निळ्यात बळेच बसवला तर बसतो, पण प्रकाश गळतो आणि नेट रडतखडत चालते.

ही वायर ज्या डब्यात जाते त्याचे नाव ओएनटी, काही जण ओएनयू म्हणतात. आपण त्याला 'वायफायचा डबा' किंवा 'मोडेम' म्हणतो. हा एकटा डबा चार कामे करतो : काचेतून आलेल्या उजेडाचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर, राउटर म्हणून सगळ्या मोबाईल-कॉम्प्युटरना पत्ते वाटणे, वायफाय, आणि लँडलाईन असेल तर तिचा फोन. फायरवॉल राउटर यातले दुसरे काम घेऊ शकतो, काही मॉडेल तिसरेही. पहिले काम त्याच्या आवाक्यातले नाही.

घराच्या गच्चीवर किंवा भिंतीवर अँटेनासारखे यंत्र असेल आणि खांबावरून काचेची वायर आलेलीच नसेल, तर ते फायबर नव्हे. 'एअरफायबर' नावाने मिळणारी सेवा मोबाईल टॉवरवरून चालते. नावात फायबर असल्याने घोटाळा होतो. तिथे पुढचे ओएनटीचे काहीही लागू होत नाही.

काच थेट का चालत नाही

कारण ती वायर एकट्या तुमच्या घरासाठी नसते. एक्स्चेंजमध्ये किंवा केबलवाल्याच्या ऑफिसात ओएलटी नावाचे मोठे यंत्र असते. तिथून एक काच निघते आणि वाटेत स्प्लिटर लावून ती ३२ किंवा ६४ घरांना फुटते. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो नुसता उजेड वाटतो. जीपॉन या सर्वात चालणाऱ्या पद्धतीत ओएलटीकडून घरांकडे सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट आणि घरांकडून परत सुमारे १.२५ गिगाबिट एवढी क्षमता असते, ती सगळ्यांत मिळून. जाण्याचा उजेड १४९० नॅनोमीटरचा, येण्याचा १३१० नॅनोमीटरचा. दोन्ही रंग डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून वायर काढून 'लाईट येतेय का' असे तिच्यात डोकावू नये. लहान पोरांना तर अजिबात देऊ नये.

आता मुख्य मुद्दा. ६४ घरांनी एकाच काचेतून एकाच वेळी वर सिग्नल पाठवला तर कालवा होईल. म्हणून ओएलटी प्रत्येक ओएनटीला पाळी लावून देते. कॅनॉलच्या पाण्यासारखेच आहे हे : पाळीपत्रकात ज्याचे नाव त्याने आपल्या वेळेत दार उघडायचे आणि वेळ संपली की बंद. फरक इतकाच की इथे पाळी सेकंदाच्या लाखाव्या हिश्शात मोजली जाते. एखादा बिघडलेला ओएनटी पाळी सोडून उजेड मारत राहिला तर त्या स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांचे नेट कोलमडते आणि लाईनमनला घर न् घर तपासत फिरावे लागते.

पाळीपत्रकात नाव लागते ते ओएनटीच्या सिरीयल नंबरने. हा नंबर डब्याच्या खाली स्टिकरवर असतो. जीपॉनमध्ये तो नंबर, कधी त्याच्या जोडीला पासवर्ड, ओएलटीवर नोंदवलेला असावा लागतो. बरेच स्थानिक केबलवाले ईपॉन पद्धत वापरतात, तिथे सहसा मॅक पत्त्याने नोंद होते. नोंद नसलेले यंत्र जोडले तर कंपनीकडून त्याला दारातच थांबवले जाते. साध्या राउटरमध्ये तर ही भाषा बोलणारे यंत्रच नसते. दुकानात मिळणारा स्वस्त मीडिया कन्व्हर्टरही इथे उपयोगाचा नाही, तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या स्वतंत्र काचेसाठी असतो.

एक अपवाद आहे. काही फायरवॉल राउटरना एसएफपी नावाची खाच असते. अंगठ्याएवढी 'जीपॉन ओएनयू स्टिक' त्या खाचेत बसवून काच थेट तिच्यात घालता येते. ती स्टिक म्हणजे छोटा ओएनटीच. पण तिचाही सिरीयल नंबर कंपनीने नोंदवून घ्यायला हवा, आणि बहुतेक ठिकाणी त्याला नकार मिळतो. मग काही हुशार मंडळी जुन्या डब्याचा नंबर स्टिकमध्ये उतरवतात. हे करू नये. कंपनीच्या अटींत ते बसत नाही, दोन यंत्रे एकाच नंबरने लागली तर दोन्ही बंद पडतात, आणि पुढे लाईन बिघडली की लाईनमन हात वर करून मोकळा. शिवाय या स्टिका चांगल्याच तापतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या दुकानात त्या किती दिवस तग धरतील याचा विचार आधी करावा.

ब्रिज मोड : कामाची गोष्ट इथे आहे

ब्रिज मोडमध्ये ओएनटी फक्त उजेडाचे सिग्नल करतो आणि लॅनच्या वायरने राउटरकडे सोपवतो. लॉगिन, पत्ते वाटणे, अडवणे-सोडणे हे सगळे तुमचा राउटर बघतो. बीएसएनएलच्या फायबरवर आणि बहुतेक स्थानिक कंपन्यांकडे लॉगिन पीपीपीओई पद्धतीने, म्हणजे युजरनेम-पासवर्डने होते. हा पासवर्ड जोडणी करताना लाईनमनच डब्यात भरतो, ग्राहकाला तो कधी कळतच नाही. म्हणून सुरुवात फोनने करायची, स्क्रूड्रायव्हरने नाही.

फ्रँचायझीला किंवा कंपनीला विचारायच्या गोष्टी अशा : पीपीपीओईचे युजरनेम आणि पासवर्ड, इंटरनेटचा व्हीलॅन नंबर आणि तो टॅग ओएनटी लावणार की राउटरने लावायचा, जुन्या डब्याचा मॅक पत्ता खात्याला बांधलेला आहे का, आणि ब्रिज केलेले इंटरनेट कुठल्या लॅन पोर्टवर मिळणार. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण ब्रिज बहुधा एका ठराविक पोर्टवरच लागतो आणि वायर शेजारच्या भोकात घालून लोक तासन् तास बसतात. व्हीलॅनचा नंबर सगळीकडे सारखा नसतो. एका गावातला नंबर दुसऱ्या गावातल्या ओएलटीवर चालेलच असे नाही, त्यामुळे व्हिडिओत बघितलेला आकडा टाकण्यात अर्थ नाही. शक्य असेल तर उत्तरे व्हॉट्सॲपवर लेखी मागून ठेवावीत.

काही करण्याआधी डब्याच्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचे मोबाईलने फोटो काढावेत. हे पान सहसा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उघडते. आणि मागचे रिसेटचे बारीक भोक टाचणीने दाबू नये. रिसेट केल्यावर कंपनीने भरलेली सगळी सेटिंग पुसली जाते आणि ती वरून आपोआप परत येईल याची खात्री नाही. लँडलाईनचा फोन याच डब्यात असेल तर जास्तच जपावे. फोनची सेटिंग इंटरनेटपासून वेगळी असते, ब्रिज फक्त इंटरनेटच्या जोडणीचा करायचा आणि फोनच्या जोडणीला हात लावायचा नाही. घरी म्हातारी माणसे त्या फोनवर अवलंबून असतील तर काम लाईनमनच्या समोरच झालेले बरे. दिवसही निवडावा. शनिवारी संध्याकाळी हे काम काढले की रविवार बिननेटचा जातो.

ओएनटी ब्रिजवर गेला की राउटरच्या वॅन पोर्टला वायर घालायची, जोडणीचा प्रकार पीपीपीओई निवडायचा, युजरनेम-पासवर्ड भरायचा, सांगितले असेल तर व्हीलॅन टाकायचा. एमटीयू १४९२ ठेवायचा. साधा आकडा १५०० असतो, त्यातले ८ बाइट पीपीपीओई स्वतःसाठी घेते. हा आकडा चुकला तर विचित्र त्रास होतो : गुगल उघडते, व्हॉट्सॲप चालते, पण एखादी बँकेची किंवा सरकारी साईट नुसती फिरत राहते. लोक साईटला शिव्या देतात आणि दोष घरातच असतो. राउटरचा आतला पत्ताही बदलून १९२.१६८.५०.१ असा काही ठेवावा, म्हणजे डब्याच्या पत्त्याशी टक्कर होत नाही.

पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल तर घाबरू नये. बऱ्याच ठिकाणी एका खात्यावर एकच लॉगिन चालते आणि जुने लॉगिन वर काही मिनिटे अडकून राहते. डबा दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा चालू करावा. तरी जमले नाही तर मॅक बांधलेला आहे असे समजून कंपनीकडून तो सोडवून घ्यावा.

एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही : ब्रिज केल्यावर कंपनीच्या डब्याचे वायफाय बंद होते किंवा असून उपयोगाचे राहत नाही. मायक्रोटिकच्या बऱ्याच मॉडेलना किंवा जुन्या कॉम्प्युटरवर पीएफसेन्स, ओपीएनसेन्स टाकून केलेल्या फायरवॉलना स्वतःचे वायफाय नसते. मग जुना वायफाय राउटर 'ॲक्सेस पॉईंट' म्हणून त्याच्या मागे लावावा लागतो. राउटरचे पोर्ट शंभरचे आहेत की गिगाबिटचे, हेही विकत घेतानाच बघावे. १५० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन शंभरच्या पोर्टचा राउटर लावला तर वरचे पन्नास दर महिन्याला फुकट जातात.

पब्लिक आयपी नसेल तर खटाटोप कशाला?

हा प्रश्न खरे तर पहिल्यांदा विचारायला हवा. पुष्कळ कंपन्यांकडे इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते पुरेसे नाहीत, म्हणून त्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या वाड्याला पत्ता एकच आणि आत वीस बिऱ्हाडे, पाकिटावर बिऱ्हाडाचे नाव नसेल तर पोस्टमन कुणाकडे जाणार? तसेच बाहेरून आलेला सिग्नल तुमच्या घरापर्यंत पोचत नाही. तुम्ही आतून बाहेर बघू शकता, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही, तुम्ही स्वतःही नाही.

ओळखायचे सोपे आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, किंवा १० अथवा १९२.१६८ ने, तर तो पब्लिक नाही. गुगलवर 'माझा आयपी' शोधल्यावर दिसणारा आकडा आणि हा आकडा जुळला नाही, तरी अर्थ तोच. गुगलवर लांबलचक, अक्षरे आणि दोन टिंबांचा पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६ आहे, त्याची या आकड्याशी तुलना करू नये. सीजीनॅट असेल तर जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी मिळतो का, हे कंपनीला विचारावे. काही ठिकाणी आयपीव्ही६ मिळते आणि त्याने काम भागते, पण मग बाहेरच्या मोबाईललाही ते मिळायला हवे.

मोबाईल ॲपमधून क्यूआर कोड स्कॅन करून बघायच्या कॅमेऱ्यांना पब्लिक आयपी लागत नाही. ते स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी आतून बाहेर बोलतात. नुसता घरचा दरवाजा बघायचा असेल तर ब्रिज मोडवाचून काही अडत नाही. ज्यांना कॅमेऱ्याचे चित्रण परक्या सर्व्हरमार्फत न जाता सरळ आपल्याकडे यावे असे वाटते, किंवा दुकानाच्या कॉम्प्युटरवर बाहेरगावाहून काम करायचे आहे, त्यांच्यासाठी पब्लिक आयपी आणि स्वतःचा राउटर ही जोडी आहे.

तिथेही 'पोर्ट फॉरवर्ड' करून डीव्हीआर जगाला उघडा करणे ही सर्वात वाईट सोय. कॅमेरे बसवणारा पोरगा दोन मिनिटांत करून देतो, ॲप चालू होते आणि सगळे खूष. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे असेच उघडे, कंपनीचाच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला मोठमोठ्या वेबसाईट पाडल्या. जुलै २०१७ मध्ये शेजारच्या कर्नाटकात बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम व्हायरसने निकामी केले, आणि तेव्हाही सल्ला तोच होता : मूळचा पासवर्ड बदला. पोर्ट उघडण्याऐवजी राउटरवर वायरगार्डसारखा व्हीपीएन सुरू करावा. मोबाईलवरून आधी त्या कुलूपबंद बोगद्यातून घरच्या नेटमध्ये शिरायचे आणि मगच कॅमेरा बघायचा. बाहेरच्याला दार दिसतच नाही.

फायरवॉल काय करतो आणि काय नाही

त्याचा सर्वात मोठा उपयोग वाटण्या करण्यात आहे. कॅमेरे एका नेटवर्कवर, दुकानाचे कॉम्प्युटर दुसऱ्यावर, गिऱ्हाईक आणि पाव्हण्यांचे वायफाय तिसऱ्यावर. आधार आणि सातबाऱ्याची कामे चालतात त्या कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर येणाऱ्या-जाणाऱ्याचा मोबाईल बसता कामा नये, एवढे जरी साधले तरी राउटरचे पैसे वसूल. वायफायचा पासवर्ड अख्ख्या आळीला देणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की काही गैरप्रकार झाला तर चौकशी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच येते.

पण व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिकेची, आरटीओ चलनाची किंवा पीएम किसानची एपीके फाईल कुणी मोबाईलमध्ये टाकली, तर कितीही महागडा फायरवॉल खात्यातले पैसे वाचवू शकत नाही. ओटीपी सांगितला तर तेही तसेच. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करावा.

कंपनी 'नाही' म्हणाली तर

सगळ्या कंपन्या ब्रिज मोड देत नाहीत. काही डब्यांत ते पान ग्राहकाला दिसतच नाही. मग ओएनटी आहे तसा ठेवून त्याच्या लॅन पोर्टमधून आपल्या राउटरच्या वॅनला वायर द्यावी. याला दुहेरी नॅट म्हणतात आणि जाणकार मंडळी त्याला नाक मुरडतात. प्रत्यक्षात कॅमेरा, युपीआय, सरकारी पोर्टल, व्हिडिओ कॉल, सगळे त्यावर व्यवस्थित चालते आणि वर सांगितलेल्या वाटण्याही होतात. फक्त ओएनटीचे स्वतःचे वायफाय बंद करून सगळी यंत्रे आपल्या राउटरच्या मागे घ्यावीत, नाहीतर अर्धी यंत्रे फायरवॉलच्या बाहेरच राहतात. बहुतेक घरांना एवढे पुरे आहे. बंद घर असेल आणि गावात डब्याला हात लावणारे कुणी जाणकार नसेल, तर हीच जोडणी बरी, कारण लाईन बिघडल्यावर कंपनी आपला डबा दुरून तपासू शकते. ब्रिज केल्यावर 'आमच्या बाजूने ठीक आहे, तुमचा राउटर बघा' हे उत्तर ऐकायची तयारी ठेवावी.

ग्रामपंचायतीत भारतनेटचे यंत्र असेल तर त्यात मात्र कुणी प्रयोग करू नयेत. २०११ साली मंजूर झालेल्या आणि २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेतली ती सरकारी मालमत्ता आहे.

लाल लाईट, वीज आणि पावसाळा

डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला की उजेड येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यात राउटरचा काही संबंध नसतो, सेटिंग चाळवू नये. वायर कुठे दुमडली आहे का बघावी. बोटाएवढ्या वळणातही उजेड गळतो. उसाच्या ट्रॉलीने खाली आलेली केबल ओढली जाणे हे तर हंगामातले नेहमीचेच. डब्याच्या पानावर मिळणाऱ्या उजेडाचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. उणे १५ ते उणे २५ च्या आत असेल तर ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेला की नेट तुटक होते. हा आकडा सांगून केलेली तक्रार लाईनमन जास्त मनावर घेतो, 'नेट स्लो आहे' म्हटल्यावर घेत नाही.

ओएनटी आणि लहान राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात. दोन्हींना पुरेल असा छोटा डीसी यूपीएस लावला तर वीज गेली तरी काही तास नेट राहते, अर्थात ओएलटीकडे बॅकअप असेल तर. ॲडॅप्टरवरचे व्होल्ट जुळतात का हे आधी वाचावे. काही राउटर ९ किंवा २४ व्होल्टचे असतात आणि पिन मात्र तीच बसते. पावसाळ्यात वीज पडते तेव्हा काचेतून धक्का येत नाही, कारण काच वीज वाहत नाही. धक्का येतो तो ड्रॉप केबलच्या आधाराच्या तारेतून, गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या तांब्याच्या वायरमधून आणि मीटरकडून. त्यामुळे आधाराची तार बाहेरच, डब्यापासून लांब कापून ठेवावी. अर्थिंग नसलेल्या घरात दहा हजारांचा फायरवॉल लावण्याआधी तेवढ्यातलेच थोडे पैसे अर्थिंगवर घालावेत.

जुना डबा, त्याचा ॲडॅप्टर आणि खोका फेकू नये. तो बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचा असतो, आणि कनेक्शन बंद करताना तो परत दिल्याशिवाय अनामत मिळत नाही. परत देण्याआधी त्यातले वायफायचे नाव आणि पासवर्ड पुसून घ्यावेत. रिसेटचे ते भोक टाचणीने दाबायची वेळ हीच.